घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी ‘कुंभकर्ण’ असतोच. त्याच्यावर जोक्स होतात, मोबाईलवर रेकॉर्डिंग होतं. दिवसा तो लेक्चरला पेंगतो, मग कुणीतरी सल्ला देतं, “झोपेची गोळी घे, नीट झोप लागेल.” हा सल्ला का धोक्याचा आहे, ते आज बघू.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या आमच्या तामलवाडीत डाराडूर झोपणाऱ्याचं कौतुकच होतं. माझे मोठे काका असेच. घोरता घोरता श्वास थांबायचा, मग दचकून मोठा श्वास. दिवसा गाडी चालवतानाही डुलक्या! झोपेची गोळी मागायला ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आधी विचारलं, “घोरता का?” आणि गोळीऐवजी झोपेची तपासणी लिहून दिली. निदान झालं, स्लीप अ‍ॅप्निया. तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे शास्त्र मराठीत लिहिताना थोडी कसरत होते, सांभाळून घ्या.

आपला घसा म्हणजे हाडांचा भक्कम आधार नसलेली मऊ नळी. श्वास आत घेताना तिच्यातला दाब कमी होतो आणि ती मिटू पाहते. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढताना स्ट्रॉ चपटी होते, तसंच. तिला उघडी ठेवतात घशाचे स्नायू, मुख्यतः जिभेला पुढे ओढणारा जिनिओग्लॉसस. जागेपणी नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली रसायनं त्याला कामाला लावतात. झोपेत त्यांचा जोर ओसरतो, स्नायू सैलावतात. घसा मुळातच अरुंद असेल तर वाट बंद! रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास सुरू होतो. हा झाला आपला अलार्म.

आता औषधांकडे वळू. दारूने हे स्नायू आणखी ढिले पडतात. कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी औषधं श्वास घेण्याची मेंदूची आज्ञाच मंद करतात. डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी स्नायू सैलावू शकतात आणि अलार्म उशिरा वाजू शकतो. यातलं काही एकत्र घेतलं तर जिवावर बेतू शकतं. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, सगळी माणसंही नसतात. म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

याच्या उलटा विचारही शास्त्रज्ञांनी केला. स्नायू जागे ठेवणारं औषध का नको? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २० जणांना झोपताना अ‍ॅटोमॉक्सेटिन आणि ऑक्सिब्युटिनिन एकत्र दिलं. तासाला श्वास अडण्याचं मध्यक प्रमाण २८.५ वरून ७.५ वर आलं. पण हा प्रयोग छोटा होता, एका रात्रीपुरता. तेव्हा स्वतःवर करून बघू नका! डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली, तीही लठ्ठ रुग्णांसाठी. त्याचा परिणाम मुख्यतः वजन घटल्यामुळे होतो.

सर्वांत भरवशाचा उपाय आजही सीपॅप मशीन. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी तो जगापुढे मांडला. मास्कमधून हवेचा दाब देऊन नळी उघडी ठेवायची. किती साधं इंजिनिअरिंग! माझे काका आता तेच वापरतात.

हा आजार दुर्मिळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण ७.५ टक्के निघालं.

म्हणून रूममेटचा श्वास मध्येच थांबताना दिसला तर हसू नका. सकाळी त्याला सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. झोपेत काय होतं, हे त्याला स्वतःला कळणार नाही. ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.