क्लचचं पेडल चारदा मारल्यावरच गिअर का पडतो?

प्रश्न : आमच्याकडे सोळा वर्षांची डिझेल गाडी आहे. श्रावणात भीमाशंकरला जाताना पोखरी घाटात क्लचचं पेडल एकदम मऊ पडलं, गिअर पडेना. पेडल चार-पाच वेळा भराभर मारलं की पडायचा. कसंबसं घरी आलो, टाकीत ब्रेक ऑइल घातलं. आठवडाभर बरी चालली, आता पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतात, मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही बदला. हे काम घरच्या अंगणात जमेल का? आणि पेडल मारल्यावर क्लच तेवढ्यापुरता बरा कसा होतो?
— एक वाचक, घोडेगाव, ता. आंबेगाव

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की दुरुस्ती निम्मी समजते.

मारुती ८०० किंवा ओम्नी ज्यांनी चालवली आहे, त्यांना क्लचची वायर ठाऊक असते. तुमच्या गाडीत वायरचं काम तेल करतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेल नळीत लोटतो. ते तेल गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन पुढे सारतं, तो फोर्कला रेटतो आणि क्लच सुटतो. बंद तेलावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलेला नियम इथे राबतो.

आता यातलं तेल किती, ते पाहा. मास्टरचा व्यास पाऊण इंचाहून थोडा कमी, १५.९ मिलिमीटर धरा आणि पिस्टनची चाल ३० मिलिमीटर. एका दाबात जेमतेम ६ घनसेंटीमीटर तेल सरकतं, म्हणजे चहाचा एक चमचा. स्लेव्हचा व्यास १९ मिलिमीटर असेल, तर तेवढ्या तेलाने त्याचा पिस्टन २१ मिलिमीटर पुढे जातो आणि जोर जवळजवळ दीडपट होतो. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत २ घनसेंटीमीटर हवा शिरली, तर पेडलच्या चालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ती हवा दाबण्यातच जातो. फोर्क पुरता हलत नाही, क्लच अर्धाच सुटतो आणि गिअर करकरतो.

भराभर पेडल मारलं की काय होतं? पिस्टन झटकन मागे येतो, पण नळीतलं तेल तितक्या लवकर परतत नाही. ती पोकळी भरायला मास्टर टाकीतून थोडं जास्तीचं तेल ओढतो. दर वेळी नळीत तेलाची भर पडते, हवा आधीच दबलेली राहते आणि गिअर पडतो. क्षणभर थांबलात की जास्तीचं तेल टाकीत परत जातं आणि पेडल पुन्हा मऊ. म्हणजे बरं काहीच झालेलं नसतं.

तेल कमी होत होतं, याचा अर्थ ते कुठूनतरी बाहेर जात होतं. नुसतं तेल घालून गाडी चालवणं मला अजिबात मान्य नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. क्लचचं तोंड वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, त्यामुळे ब्रेकच्या वाट्याचं तेल शिल्लक राहतं. पण घाटात त्या भरवशावर राहू नये.

गळती शोधायला पाना लागत नाही. पेडलच्या वर, आतल्या बाजूला हात फिरवा, पायपोस उचला. ओल लागली तर मास्टरचं मागचं रबर गेलं. गाडीखाली स्लेव्हच्या टोकाचा रबरी बूट किंचित उचला, आत तेल साचलं असेल तर स्लेव्ह गेला. कुठेच ओल नाही आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तर मास्टरच्या आतलं रबर तेल मागे सोडतंय.

दोन्ही बदला, हा मिस्त्रींचा सल्ला बरोबर आहे. सोळा वर्षांची रबरं एकाच वयाची असतात. नव्या मास्टरने पूर्ण दाब दिला की जुना स्लेव्ह थोड्याच दिवसांत गळायला लागतो. रबराचं किट स्वस्त पडतं, पण सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर त्यावर घासून फाटतं. मी पूर्ण सिलिंडरच घेईन. मंचरला नाही मिळाला तर पुण्यात नाना पेठेत मिळेल. जुना नमुना सोबत न्या.

घरी जमेल का, हे स्लेव्ह कुठे आहे त्यावर ठरतं. तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर दिसत असेल, तर जमेल. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या पोटात, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम अंगणात करू नका.

स्लेव्ह बाहेर असेल, तर गाडी सपाट जागी, चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मुळीच शिरू नका. स्टँड लावाच. नळीचे नट मऊ असतात. साधा पाना घसरला की नट गोल होतो, म्हणून नळीचाच खास पाना वापरा. स्लेव्ह सुटा लोंबत असताना पेडलला कोणी हात लावू नये, पिस्टन उडून बाहेर येतो. नवा मास्टर बसवण्याआधी त्यात तेल भरून हाताने चार-सहा वेळा दाबा, पुढचा अर्धा त्रास वाचतो.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. नवा सीलबंद डबा घ्या. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि त्या ओलीनेच सिलिंडर आतून गंजतो. भीमाशंकरच्या पावसाळी रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीत दोन वर्षांनी तेल बदललेलं बरं. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबर फुगतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढायला दोघं हवेत. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून स्लेव्हवरचा निप्पल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निप्पल आवळायचा, मगच पेडल सोडायचं. सुरुवातीला पेडल खालीच राहील, हाताने वर ओढा. निप्पल स्लेव्हच्या वरच्या अंगालाच यायला हवा, नाहीतर हवा आत अडकून राहते. टाकी रिकामी होऊ दिलीत तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. शेवटी पेडलला किंचित मोकळीक ठेवा. ती नसली तर तापलेल्या तेलाला टाकीकडे परत जाता येत नाही आणि क्लच घसरतो.

काढलेलं तेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका, घरात मुलं असतात. घोड नदीत किंवा ओढ्यातही ओतू नका. वेगळ्या बंद डब्यात गॅरेजला द्या, जळक्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका.

काम झालं की टाकीवर तेलाच्या पातळीची रेघ मारा. आधी मंचरपर्यंत जाऊन या. रेघ तिथेच असेल, तर पोखरी घाट चढायला हरकत नाही.