कल्पनांचा व्यापारी

एखादी वस्तू खपेनाशी झाली, म्हणजे व्यापारी काय करतो? तो तिची किंमत उतरवतो, दुकानावर मोठी पाटी लावतो, किंवा आपलाच माल सर्वांत उत्तम असल्याचे पुन्हा पुन्हा सांगतो. हे उपाय फार जुने आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत असा एक मनुष्य होऊन गेला की, ज्याच्यापाशी ना कारखाना होता, ना दुकान, ना मालाने भरलेले गोदाम. तरीही मोठमोठे कारखानदार त्याच्या कचेरीत येत, आपली अडचण त्याला सांगत आणि त्याने सुचविलेल्या कल्पनेबद्दल त्याला भरपूर मोबदला देत. कल्पना हाच त्याचा माल होता. त्याचे नाव एडवर्ड बर्नेज.

बर्नेजचा जन्म 1891 साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना या नगरीत झाला. मानवी मनाच्या खोल व्यापारांचा शोध घेणारा जगप्रसिद्ध विचारवंत सिग्मंड फ्रॉइड हा त्याचा मामा. एडवर्ड तान्हा असतानाच त्याचे कुटुंब न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झाले. वडील धान्याचे व्यापारी होते. मुलाने शेतीशास्त्र शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे 1912 साली त्याने त्या विषयाची पदवीही मिळविली. परंतु त्याचे मन धान्यापेक्षा माणसांच्या आवडीनिवडींत अधिक रमत असे. 1919 साली त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःची कचेरी उघडली. ज्याला त्याला योग्य तो सल्ला द्यावा आणि त्याचा मोबदला घ्यावा, असा हा नवाच व्यवसाय होता.

त्याची रीत इतरांहून निराळी होती. ग्राहकाला ‘ही वस्तू घ्या’ असे सांगत बसू नये, तर ती वस्तू त्याला आपण होऊनच घ्यावीशी वाटेल अशी परिस्थिती निर्माण करावी, हे त्याचे सूत्र होते.

एका साबण कंपनीचीच गोष्ट पाहा. या कंपनीचा ‘आयव्हरी’ नावाचा साबण पांढराशुभ्र होता आणि तो पाण्यावर तरंगत असे. परंतु लहान मुलांचे आणि साबणाचे हाडवैर! डोळ्यांत फेस गेला की मुले रडत आणि स्नानाच्या वेळी दडून बसत. ज्यांना साबणाचा इतका तिटकारा, त्यांना त्याची गोडी कशी लावावी? मऊ साबणातून मूर्ती कोरता येतात, हे बर्नेजच्या ध्यानी आले. दगडाला छिन्नी लागते, लाकडाला पटाशी लागते. साबणाला मात्र साधा चाकू पुरतो. त्याने कंपनीच्या वतीने साबणातील शिल्पांच्या स्पर्धा भरविण्याची योजना आखली. 1924 च्या सुमारास या स्पर्धांना आरंभ झाला. शाळाशाळांतून मुले साबणाच्या वड्या कोरू लागली. कोणी हंस कोरला, कोणी घोडा, कोणी माणसाचा मुखवटा. निवडक शिल्पे न्यूयॉर्कच्या कलादालनात मांडली जाऊ लागली. कोरून उरलेला चुरा अर्थातच हातपाय धुण्याच्या कामी येई! या स्पर्धा पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या. साबणाशी मुलांची गट्टी जमली, त्यांच्या हातांना कला लाभली आणि कंपनीचा मालही खपला.

दुसरी अडचण घेऊन आले ते केसांच्या जाळ्या विकणारे व्यापारी. त्या काळी अमेरिकेतील स्त्रिया आखूड केस ठेवू लागल्या होत्या, त्यामुळे जाळ्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. बर्नेजने सौंदर्याचा विषय बाजूला ठेवला. कारखान्यात यंत्राजवळ काम करणाऱ्या स्त्रीचे मोकळे केस यंत्रात अडकले, तर केवढा अनर्थ ओढवेल! उपाहारगृहात वाढणाऱ्याचा केस अन्नात पडला, तर ते अन्न कोण खाईल? जाणत्या तज्ज्ञांनी या गोष्टी लोकांपुढे मांडाव्यात, अशी व्यवस्था त्याने केली. जाळीचा खप वाढला आणि कामगारांचे रक्षणही झाले.

1930 च्या सुमारास पुस्तकांचे प्रकाशक त्याच्याकडे आले. लोकांनी अधिक पुस्तके विकत घ्यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. बर्नेजने पुस्तकांची स्तुती करणारी जाहिरात लिहिली नाही. घरे बांधणाऱ्यांनी व सजविणाऱ्यांनी नव्या घरांच्या भिंतींतच पुस्तकांसाठी फळ्या बसवाव्यात, असा प्रयत्न त्याने चालविला. रिकामी फळी डोळ्यांना खुपते, ती भरावीशी वाटते. हे तो ओळखून होता.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीही त्याच्या चातुर्याचे कौतुकच करील. परंतु याच चातुर्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

1928 साली एका मोठ्या तंबाखू कंपनीने बर्नेजला आपला सल्लागार नेमले. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे त्या काळी अमेरिकेत असभ्यपणाचे मानले जाई. ही समजूत मोडली, तर सिगारेटचा खप पुष्कळ वाढेल, असा कंपनीच्या मालकांचा होरा होता. बर्नेजने मनोव्यापारांच्या एका जाणकाराला विचारले. स्त्रियांच्या दृष्टीने सिगारेट ही स्वातंत्र्याची मशाल ठरू शकेल, असे त्याने सांगितले. बर्नेजला हवी ती कल्पना गवसली. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क 1920 साली मिळाला होता. स्वातंत्र्य हा शब्द त्यांना प्राणप्रिय होता.

31 मार्च 1929 रोजी ईस्टरचा सण होता. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू या राजमार्गावर उत्तम पोशाख केलेल्या लोकांची गर्दी जमली होती. त्या गर्दीत काही तरुणींनी सर्वांदेखत सिगारेटी पेटविल्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून ही वार्ता झळकली. तरुणींनी हे स्वातंत्र्यासाठी केले, असेच वाचकांना वाटले. पडद्याआड तंबाखूची कंपनी उभी आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. स्त्रियांमधील धूम्रपान या एकाच घटनेने वाढले, असे नव्हे. ते आधीपासूनच वाढू लागले होते. परंतु एका अपायकारक व्यसनाला स्वातंत्र्याचे पवित्र नाव दिले गेले, ही गोष्ट मात्र खरी.

स्वतः बर्नेज सिगारेट ओढत नसे. इतकेच नव्हे, तर आपल्या पत्नीची ती सवय सुटावी म्हणून तो घरात खटपट करी. जी वस्तू आपल्या घरात नको, ती लोकांच्या घरात जावी यासाठी तो आपली बुद्धी खर्च करीत होता!

1950 सालापासून सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे भक्कम पुरावे पुढे येऊ लागले. 1964 साली अमेरिकी शासनाच्या प्रमुख आरोग्याधिकाऱ्याने तसा अहवालच प्रसिद्ध केला. बर्नेज तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. त्याने आता धूम्रपानाच्या विरोधात प्रचार सुरू केला. तंबाखूचा हा अपाय 1928 साली ठाऊक असता, तर आपण ते काम स्वीकारलेच नसते, असे त्याने सांगितले. पुढे 1995 साली, वयाच्या एकशेतिसाव्या नव्हे, पण एकशेतीन वर्षांच्या परिपक्व वयात त्याचे निधन झाले. एवढे दीर्घ आयुष्य लाभल्यामुळे आपल्या कल्पनांची गोड व कडू अशी दोन्ही फळे त्याला पाहावयास मिळाली.

ज्या चाकूने साबणातून सुंदर हंस कोरता येतो, त्याच चाकूने बोटही कापते. कल्पनेचेही तसेच आहे. तिने वस्तू खपते, हे खरे. परंतु ती खपल्यावर घेणाऱ्याचे भले होईल की बुरे, हा प्रश्न कल्पना देणाऱ्याने आधी स्वतःला विचारला पाहिजे. आणि घेणाऱ्यावरही एक जबाबदारी असतेच. एखादी वस्तू एकाएकी हवीशी वाटू लागली, म्हणजे क्षणभर थांबून त्याने मनाशी म्हणावे, ‘ही इच्छा माझी स्वतःची आहे, की कोणी माझ्या मनात ती पेरली आहे?’ जो असा विचार करतो, त्याला बाजारात कोणी सहसा फसवू शकत नाही.

स्वाध्याय

1. मुलांना साबणाची गोडी लावण्यासाठी बर्नेजने कोणती युक्ती योजली?
2. केसांच्या जाळ्यांचा खप वाढल्याने व्यापाऱ्यांखेरीज आणखी कोणाचे हित झाले? कसे?
3. ‘एका अपायकारक व्यसनाला स्वातंत्र्याचे पवित्र नाव दिले गेले,’ असे पाठात का म्हटले आहे?
4. तुम्हाला एखादी वस्तू एकाएकी हवीशी वाटली, असा प्रसंग आठवा. ती इच्छा मनात कशी आली, ते आठ-दहा ओळींत लिहा.