ओहोटी-भरतीची शाळा

बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, ही व्याख्या आपली मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु भोवतालचे पाणी खारे असता बेटावर भात कसे पिकते, असे विचारले की ती गप्प होतात. याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे, म्हणून त्यांना चोडण बेटावर न्यावे. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण आलेच.

ओहोटी संपत आली असता खाडीकाठी पोहोचावे. प्रथम पाण्याच्या कडेला खुणा केलेली काठी रोवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती चढले ते मुलांना लिहू द्यावे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. तेवढा वेळ हाच आपला वर्ग.

मग झाडांकडे वळावे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेते. हातभर चौकोनात ती किती आहेत, हे मुलांनी मोजावे. तिवराच्या पानावरचे मीठ बोटाने टिपून चाखावे. झाड नको असलेले मीठ कसे बाहेर टाकते, ते जिभेलाच कळेल. मात्र ओळख नसलेले पान तोडू देऊ नये. काही झाडांचा चीक डोळ्यांना घातक असतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते, त्याचे लांब कोंब लोंबताना दाखवावेत. पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तेथे जायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

शेवटचा धडा खाजणाच्या बांधावर. बांधात मानस, म्हणजे पाण्याचे दार, असते. भरतीच्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारे पाणी अडते, पावसाचे पाणी निघून जाते, आणि म्हणूनच आत कोरगुटासारखे भात पिकते. पूर्वजांनी यंत्रावाचून साधलेली ही किमया मुलांनी डोळ्यांनी पाहावी.

तेथेच त्यांना खेकड्याचे बीळ दाखवावे. असल्या बिळातून पाणी झिरपू लागले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर बांध फुटतो, शेतात खारे पाणी शिरते आणि जमीन पडीक होते. पूर्वी गावकारीची माणसे बांधावर नजर ठेवीत. आज अनेकांची मुले नोकरीनिमित्त दूर गेली आहेत. ते बीळ आता कोण पाहणार?

पालकहो, येत्या सुट्टीतला एक दिवस याकरिता काढावा. पंचांगात तिथी पाहतो तशीच भरतीची वेळ पाहून निघावे. घरी परतल्यावर मुलाला बेटाची व्याख्या पुन्हा विचारावी. तो पाण्याबरोबर बांधाचेही नाव घेईल, तर धडा पुरा झाला असे समजावे.