बागेंतील छोटी आगगाडी व तिचा उंच मार्ग

खोलींत टेबलावर मांडलेली छोटी आगगाडी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. पुण्यास कोथरूड भागांत १९९८ सालीं सुरू झालेलें लघुरेल्वेंचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तर ही कला केवढी पल्लेदार आहे हें सांगावयास नको. परंतु तीच गाडी घराबाहेर, उघड्या आकाशाखालीं, झाडाझुडपांमधून चालवावयाची झाली म्हणजे सारा प्रश्नच पालटतो. इंग्लंड, जर्मनी इत्यादि देशांत असे बागेंतील लोहमार्ग हौशी लोक आज कित्येक वर्षें बांधीत आले आहेत. हा मार्ग भुईवर न घालतां खांबांवर कां उचलावा व कसा उचलावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम मापाविषयीं थोडें. बागेसाठीं बहुधा दोन रुळांमध्यें ४५ मिलिमीटर अंतर ठेवतात. १९६८ सालीं जर्मनींतील न्युरेंबर्ग येथील लेमान कारखान्यानें ऊनपावसांत टिकणारी जी गाडी विक्रीस काढली, ती याच मापाची होती. तिचें प्रमाण साडेबाविसास एक असें होतें. म्हणजे एक मीटर अंतराच्या खऱ्या मार्गाची ती प्रतिकृति झाली. इंग्लंडांत दुसरेंही एक माप लोकप्रिय आहे. त्यांत खऱ्या एका फुटास १६ मिलिमीटर धरतात, व रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन फूट ठेवतात. आपला नेरळ-माथेरान मार्ग दोन फुटांचाच आहे, तेव्हां त्याची प्रतिकृति करूं इच्छिणाऱ्यानें हें माप ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य मुद्दा. गाडी हव्या त्या प्रमाणांत लहान करतां येते; परंतु ऊन, पाऊस आणि पृथ्वीचें आकर्षण यांस तें प्रमाण लागूं पडत नाहीं. तीस टनांचें इंजिन त्याच धातूंचें, साडेबाविसावा हिस्सा लांबीचें केलें, तर त्याचें वजन साडेबाविसावा हिस्सा होत नाहीं. लांबी, रुंदी व उंची तिन्ही घटल्यामुळें तें ११,३९० वा हिस्सा, म्हणजे सुमारें २.६ किलो भरतें. उलटपक्षीं रुळावर पडलेली तीन मिलिमीटर जाडीची काडी या इंजिनाच्या दृष्टीनें सात सेंटिमीटर जाडीचा ओंडकाच होय. भुईवरच्या मार्गावर अशा काड्या, पानें, गोगलगायी आणि पावसानें उडालेली माती रोजच येते. मार्ग हातभर उंच असला कीं यांपैकीं बहुतेक उपद्रव आपोआप टळतो.

याहून मोठी अडचण चढाची. डोळ्यांस सपाट वाटणारी बाग क्वचितच सपाट असते. समजा, बारा मीटर लांबीच्या बागेची जमीन एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत साठ सेंटिमीटर उतरते. म्हणजे चढ वीसास एक झाला. इंजिन २.६ किलोचें व डबे मिळून ५.४ किलोचे, अशी आठ किलोंची गाडी या चढावर नेण्यास केवळ आकर्षणाविरुद्ध ४०० ग्रॅम वजनाइतका जोर लागेल. कोरड्या रुळावर इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या सुमारें चौथाईइतकी धरली, तर ती ६५० ग्रॅम होते. गाडी कशीबशी चढेल. परंतु पहांटेच्या दंवानें रूळ ओले असतां हीच पकड निम्म्यावर येते, आणि चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. तोच चढ पन्नासास एक केला, तर जोर १६० ग्रॅमच पुरतो. म्हणून बागेंत पन्नासास एक याहून तीव्र चढ शक्यतों घेऊं नये. आणि सपाट मार्ग साधत असेल तर चढ मुळींच घेऊं नये.

यावर एका चौकस विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, १९०७ सालीं सुरू झालेली माथेरानची गाडी वीसास एक चढ चढते, मग आपली कां चढूं नये? प्रश्न मार्मिक आहे. माथेरानच्या इंजिनावर माणूस उभा असतो. तो चढावर जोर वाढवितो व उतारावर आंवरतो. डब्यांवर ब्रेक लावणारे गडी निराळेच. आपल्या छोट्या वाफेच्या इंजिनावर कोण बसणार? त्याची वाफेची कळ एकदां सोडली कीं चढावर तें थकतें, आणि उतारावर बेफाम धांवून वळणावर रुळांखालीं उडी घेतें. विजेच्या गाडीस हा दोष कमी. वाफेच्या गाडीस मात्र सपाट मार्गावांचून गत्यंतर नाहीं.

सपाटी साधण्याचा सोपा उपाय म्हणजे जमीन न खणतां खांबांची उंची कमीअधिक करणें. वरील बागेंत वरच्या टोंकास खांब तीस सेंटिमीटर व खालच्या टोंकास नव्वद सेंटिमीटर ठेवले कीं काम झालें. सपाटी डोळ्यांनीं कधींही ठरवूं नये. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानें भरून घ्यावी, आंत बुडबुडा राहूं देऊं नये, आणि एक टोंक पहिल्या खांबाशीं धरून दुसरें प्रत्येक खांबाशीं न्यावें. दोन्ही टोंकांस पाणी एकाच पातळींत राहतें, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच धड्यांत आपण शिकलों. ती येथें कामास येते. खांब उभे आहेत कीं नाहींत हें ओळंब्यानें पाहावें.

खांब कशाचे करावे हें जमिनीवर अवलंबून आहे. लांकडी खांबांस वाळवी लागते; तेव्हां सिमेंटचे, किंवा प्लास्टिकच्या नळांत कॉंक्रीट भरून केलेले बरे. कोंकणांत जांभ्या दगडाचे खांब सुरेख दिसतात. देशावरील काळ्या मातींत मात्र जपावें. ही माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, व तिच्याबरोबर खांबही हलतात. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. दोन खांबांमध्यें सुमारें एक मीटर अंतर पुरे.

खांबांवर फळी टाकण्याऐवजीं अनुभवी लोक शिडी करतात. दोन लांब, पातळ पट्ट्या कडेवर उभ्या धरून त्यांच्यामध्यें दर वितीस एक ठोकळा स्क्रूनें बसवितात. पट्ट्या सागवानी किंवा टाकाऊ प्लास्टिकपासून केलेल्या असाव्या. हिचे दोन गुण आहेत. पावसाचें पाणी हिच्यावर सांचत नाहीं. आणि ठोकळे पक्के करण्यापूर्वीं पट्ट्या वांकविल्या तर त्या आपणच डौलदार वळण घेतात. सरळ रेषेंतून एकदम वर्तुळांत शिरणारें वळण गाडीस हिसका देतें. लवचीक पट्टी तसा हिसका ठेवीतच नाहीं. वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर असली तरी लहान इंजिनें फिरतात. पण जागा असेल तर दुप्पट घ्यावी. गाडी शोभतेही अधिक.

येथें माझी स्वतःची एक फजिती सांगणें अवश्य आहे. पहिल्यानें मीं दहा मीटरांचा सरळ मार्ग जानेवारींतील एका पहांटे घातला. पितळी रुळांचे सांधे अगदीं भिडवून बसविले, दोन्ही टोंकें सिमेंटांत जखडलीं, आणि मोठ्या समाधानानें चहा घेतला. एप्रिलांत एका दुपारीं पाहतों तों मार्ग सापासारखा तीन ठिकाणीं वळवळलेला! पितळ दर अंशास एक कोटि भागांत १९० भाग वाढतें. रूळ पहांटेच्या १२ अंशांवरून उन्हांत ६० अंशांवर गेले, तर दहा मीटरांत वाढ ९ मिलिमीटर होते. एवढ्याशा वाढीनें काय बिघडणार, असें वाटेल. परंतु वर्गांत पायथागोरसच्या सिद्धान्तानें हिशेब करून पाहिला. टोंकें हलत नसून रूळ मध्यें एकाच ठिकाणीं मोडला असें धरलें, तर अर्धी लांबी ५,००० मिलिमीटरांची ५,००४.५ होते, आणि मधला बिंदु तब्बल २१ सेंटिमीटर बाजूस सरकतो! विद्यार्थ्यांस तो आंकडा खरा वाटेना. त्यांनीं तीनदां गुणाकार केला.

तेव्हांपासून मीं १.२ मीटर लांबीचे रूळ घेतों व थंडींत बसवितांना प्रत्येक सांध्यांत एक मिलिमीटर फट ठेवतों. भर दुपारीं बसविल्यास फट लागत नाहीं. शिवाय रूळ स्लिपरांत जखडूं नये, त्यास पुढेंमागें सरकूं द्यावें.

आतांपर्यंतची गाडी पाहावयाची. बसावयाच्या गाडीसही उंच मार्ग फार उपकारक ठरला आहे. इंग्लंडांतील सर आर्थर हेवुड यांनीं १८७४ सालीं डफील्ड येथें आपल्या घराच्या आवारांत लहानसा लोहमार्ग घातला. (हे गृहस्थ चर्चमधील घंटावादनाचेही मोठे व्यासंगी होते.) आधीं नऊ इंच अंतराचा मार्ग करून पाहिला, पण माणूस बसला असतां गाडी डळमळे, म्हणून पंधरा इंच ठरविले. पुढें ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनांवानें लिहिणारे लॉरेन्स यांनीं याहून धाडसी गोष्ट केली. खरा कोळसा जाळणारें इवलेसें इंजिन माणसास ओढील कीं काय, यावर १९२२ पासून मोठा वाद चालला होता. १९२४ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत लॉरेन्स यांच्या ‘आयेशा’ इंजिनानें अडीच इंची रुळांवरून माणसें ओढून दाखविलीं. अडीच इंचांवर माणूस तोल कसा सांभाळतो? मार्ग उंच असल्यामुळें तो घोड्यावर बसल्याप्रमाणें दोहों बाजूंस पाय सोडून बसतो. पाय खालीं आले कीं गुरुत्वमध्यही खालीं येतो. भुईवरच्या रुळांवर पाय सोडावयास जागाच नाहीं.

उंच मार्गाचा एक लाभ वडील मंडळींस अधिक पटेल: इंजिनांत पाणी घालणें, तेल देणें, रूळ पुसणें हें सर्व उभ्यानें होतें, कंबर मोडत नाहीं.

पावसाळ्यांत इंजिन व डबे घरांत आणावे. मार्ग तेथेंच राहूं द्यावा. विजेची गाडी असल्यास पितळेवर काळपट थर चढून वीज पोंचत नाहींशी होते, यास्तव चालविण्यापूर्वीं रूळ घांसावे लागतात. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला कीं ती पाण्याची नळी पुन्हां बाहेर काढावी व प्रत्येक खांबाशीं लावून पाहावी; एखाद-दुसरा खांब बोटभर खचलेला सांपडतोच.