अजगराचा भाव आणि मेंडेलचं गणित

१९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे अल्बिनो बॉल पायथनची पिल्लं प्रथमच बंदिवासात जन्मली. एकेका पिल्लाला ७,५०० डॉलर मिळाले. आज तसंच पिल्लू काहीशे डॉलरमध्ये मिळतं. साप तोच, रंग तोच, मग भाव का उतरला? 'पुरवठा वाढला' हे उत्तर बरोबर आहे, पण पुरवठा किती वेगाने वाढेल हे आधी जनुकं ठरवतात.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते आणि तिला वयात यायला सुमारे तीन वर्षं लागतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

समजा, तुमच्याकडे वेगळ्या रंगाचा एकच नर आहे आणि साध्या रंगाच्या पाच माद्या. अंडी झाली तीस. 'पेस्टल' हा रंग दिसायला जनुकाची एक प्रत पुरते. त्यामुळे पहिल्याच पिढीत सरासरी पंधरा पिल्लं पेस्टल निघतील. अल्बिनो मात्र अप्रभावी गुण आहे, त्याला आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत लागते. नर अल्बिनो असेल तर तीसही पिल्लं साधीच दिसतील, पण सगळी त्या जनुकाची वाहक असतील. त्यातल्या माद्या वयात आल्यावर त्यांचा बापाशीच संकर केला, तर निम्मी पिल्लं अल्बिनो होतील. म्हणून अप्रभावी रंगाचा भाव जास्त काळ टिकतो.

पण टिकतो म्हणजे किती? सुरुवातीचा गिऱ्हाईक खरं तर बियाण्याची किंमत मोजत असतो. चार-पाच वर्षांत तोच विक्रेता होतो, त्याचे गिऱ्हाईकही पुढे विक्रेते होतात आणि भाव घसरतो. मग पैदास करणारे दोन अप्रभावी गुण एकत्र आणू पाहतात. दोन्ही गुणांचे वाहक असलेल्या जोडीला असं पिल्लू होण्याची शक्यता १६ मध्ये १. सहा अंड्यांच्या हिशेबाने तीनपैकी दोन वेळा एकही मिळत नाही. दुर्मिळता पुन्हा तयार होते आणि भाव पुन्हा चढतो.

आता महत्त्वाचा प्रश्न: बंदिवासातल्या पैदाशीमुळे रानातले साप वाचतात का? आपोआप नाही. साध्या रंगाचं पिल्लू इतकं स्वस्त असतं की ते तीन वर्षं सांभाळलेल्या मादीपासून मिळवण्यापेक्षा टोगो, घाना, बेनिनमध्ये रानातल्या गाभण माद्या पकडून त्यांची अंडी उबवणं परवडतं. इंडोनेशियातल्या हिरव्या अजगरांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर 'बंदिवासात जन्मलेले' म्हणून निर्यात होणाऱ्यांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले असल्याचं आढळलं.

तेव्हा 'बंदिवासात जन्मलेला' अशी चिठ्ठी दिसली की एक हिशेब करून पाहा: हा साप वाढवणं स्वस्त की पकडणं? पकडणं स्वस्त असेल, तर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या आईबापांची नोंद मागा.