तीन फूट एक इंच

काल रात्री पावणेअकराला तुझा फोन आला तेव्हा रडतंय कोण, तू की बाळ, हेच आधी कळेना. दोघीही रडताय हे कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. डोकं आपटल्याबरोबर भोकाड पसरणारं मूल शुद्धीवर असतं गं. पडून गप्प राहिली असती, तर मी फोनवर बोलत बसले नसते, आधी गाडी काढायला लावली असती.

आता ती झोपली आहे म्हणतेस, तर तूही जरा टेक आणि ऐक. काल मी तुला भराभर विचारलं. लगेच रडली का, उलटी झाली का, दूध ओढतेय का, टेंगूळ कुठे आलंय, आणि पडली कशावरून. पहिल्या चारांची उत्तरं पटापट दिलीस. पाचव्याला जरा थांबलीस. मग म्हणालीस, "स्टूल धरून उभी राहत होती, तिथेच पडली." असेलही तसंच. पण ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे.

आमचा थोरला सात महिन्यांचा असताना दिवाणावरून पडला होता. २०२२ चा पावसाळा. आदल्या वर्षीचा २२ जुलैचा पूर तुला मी नव्याने काय सांगू! आमच्याकडे पाणी माळ्याच्या तुळईला लागलं होतं. चिखल उपसून झाल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर दिवाणाच्या चारही पायांखाली जांभ्याचे दोन-दोन चिरे लावले. माळ्यापर्यंत चढणाऱ्या वाशिष्ठीला त्या हातभर उंचीने काय फरक पडणार होता! पण त्या वर्षी चिपळुणात जो तो काही ना काही उचलून वर ठेवत होता. मीही काही बोलले नाही.

तर त्या उंच झालेल्या दिवाणावर बाळाला दोन उशांच्या मध्ये ठेवून मी उतू जाणारं दूध बंद करायला गेले. बाहेर मुसळधार लागला होता. आवाज झाला तेव्हा वाटलं, परसात नारळ पडला. मग रडणं ऐकू आलं.

उजव्या कानाच्या वर टेंगूळ आलं होतं, लिंबाएवढं. सासूबाई हळद-चुना कालवायला धावल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गो बाय, झोपू देऊ नको हां त्याला." आणि हे दारातून आत येत एकच वाक्य बोलले, "तुझं लक्ष कुठे होतं?" पुढची सगळी चूक त्या वाक्यातून झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून पडला?" सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "मांडीवरून." डॉक्टर काही बोलले नाहीत. बोटांनी टेंगूळ चाचपलं, टाळूवर हात ठेवला, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिली. मग सासूबाईंना केसपेपर काढायला खिडकीवर पाठवलं आणि तोच प्रश्न हलक्या आवाजात पुन्हा विचारला. मी खाली बघून म्हटलं, "दिवाणावरून." "किती उंच?" ते कुणाला माहीत! ह्यांना फोन केला. पलीकडून टेप सरकल्याचा आवाज आला आणि ह्यांचा एकदम उतरलेला सूर, "गादी धरून तीन फूट एक इंच."

तोवर डॉक्टर आम्हाला घरी पाठवायच्या बेतात होते. आकडा ऐकल्यावर म्हणाले, "आता चार तास इथेच बसायचं." बसलो. बाळाने दोनदा दूध प्यायलं, एक डुलकी काढली, नर्सच्या हातातलं पेन ओढलं. काही झालं नव्हतं. पण माझं मांडीवरचं उत्तर खरं मानून त्यांनी मला घरी पाठवलं असतं आणि आत काही झालेलं असतं, तर? चार वर्षं झाली, तो 'तर' अजून मधूनच माझी झोप मोडतो.

उंचीचं एवढं काय, असं मलाही वाटलं होतं. नंतर नीट समजून घेतलं. डोकं आपटलं म्हणून इस्पितळात आणलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांची पाहणी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केली होती, २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्यात मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं शंभरात एकही भरली नाहीत. ऐकून बरं वाटतं ना? पण तो एखादा आपला नाही, हे ठरवायचं कसं? दोन वर्षांखालच्या मुलाबाबत त्यांनी ज्या खुणा काढल्या त्यांत तीन फुटांहून वरून पडणं आहे. टेंगूळ कपाळ सोडून बाजूला किंवा मागे येणं आहे. पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध जाणं, मूल गुंगीत असणं, हाड मोडल्यासारखं हाताला लागणं हे तर आहेच. आणि आणखी एक, जे वाचून मला भरून आलं होतं: 'हे आमचं नेहमीचं मूल वाटत नाही' असं आईबापांना वाटणं. म्हणजे तुझ्या नजरेला तिथे मोल आहे. यांतलं काहीच नसेल तर स्कॅनची गरज जवळपास कधीच पडत नाही. तेव्हा आपण होऊन "स्कॅन काढाच" म्हणून हट्ट धरू नकोस. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा असतो, कोवळ्या डोक्याला तो उगाच कशाला? किती वेळ लक्ष ठेवायचं आणि काय झालं तर परत यायचं, एवढं विचारून घे.

तुझ्या लेकीचं टेंगूळ कपाळावर आहे, हे एक चांगलं. कपाळाचं टेंगूळ दिसायला भयंकर, कारण तिथल्या कातडीखाली रक्तवाहिन्या भरपूर, बघता बघता टम्म फुगतं. कानाच्या वर किंवा मागच्या अंगाला पिळपिळीत सूज आली, तर ती लहान दिसली तरी दाखवायचीच. मुलं डोक्यावरच का पडतात, माहितेय? जन्मतः डोकं अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, आपलं सातवा-आठवा. तोल गेला की जड बाजू आधी खाली.

आजचा दिवस आणि उद्याचा तिच्यावर नजर ठेव. रडता रडता एखादी उलटी होते, तिला घाबरू नको. पुन्हा पुन्हा झाली तर निघायचं. झटका आला, कुशीत घेऊनही तासभर रडं थांबेना, दूध तोंडात घेईना, एक हात किंवा पाय कमी हलवायला लागली, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर वाट बघायची नाही. टाळू रडताना वर येते, ते चालतं. शांत बसवलेली असताना फुगून टणक लागली, तर ते चालत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे पोरांची नाकं गळतच असतात, म्हणून मुद्दाम सांगते: पडल्यानंतर नाकातून किंवा कानातून पातळ पाणी वा रक्त यायला लागलं, तर सर्दी म्हणून पुसून टाकू नकोस. डॉक्टरांना सांग.

झोपेचं काकूंचं ऐकू नको. तिची झोपायची वेळ झाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर झोपू दे. मूल दमलेलं असतं रडून. मधून मधून जाऊन श्वास बघ, गालाला बोट लाव. चुळबुळली, तोंड वाकडं केलं की पुरे. हात लावूनही जागी होईना, तर मात्र इस्पितळ. पण उठवायचं म्हणून कधी गदागदा हलवायचं नाही, तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत. पडण्याने झाली नाही ती इजा हलवण्याने होते.

बर्फ पंचात गुंडाळून पाच-दहा मिनिटं धर. लाइट गेली आणि फ्रीजमध्ये बर्फच नसला, तर विहिरीच्या गार पाण्यात भिजवून पिळलेली घडीसुद्धा चालते. चमच्याने टेंगूळ दाबून बसवायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही. हळद-चुन्याला मी सासूबाईंना हात जोडून नाही म्हटलं होतं. चुना कोवळी कातडी भाजतो, डोळ्यांत गेला तर बघायलाच नको, आणि लेपाखाली काळंनिळं काही दिसत नाही ते वेगळंच. त्यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. ती मी काढू दिली. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि त्यांचेही हात थरथरत होतेच की.

दुखतंय म्हणून पॅरासिटॅमॉल द्यायचं झालं, तर वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा घे. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली एक नव्हे. थेंबांत एका मिलिलिटरला साधारण १०० मिलिग्रॅम असतं, नेहमीच्या सिरपमध्ये तेवढं मिळवायला चार मिलिलिटर लागतं. नेमकी इथेच घाईत गल्लत होते. दुसरी कुठली दुखण्याची गोळी-औषधं मनाने नकोत, ॲस्पिरिन तर मुळीच नको.

आणि हे फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव. १०८. रात्रीबेरात्री सावर्ड्याच्या रस्त्याला लागलीस तर वाटेत कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे डेरवणला वालावलकर रुग्णालय, तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना एकीने मुलाकडे बघायचं, दुसऱ्याने गाडी चालवायची. मान वाकडी वाटत असेल किंवा शुद्ध नसेल, तर उचलाउचली न करता १०८ ची वाट बघायची.

वॉकर मागवायचा म्हणत होतीस, तो नको. मूल आत बसून लादीवर गाडीसारखं सुटतं आणि पडवीच्या पायरीवरून थेट अंगणात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आमच्याकडे सावंतवाडीहून आणलेला लाकडी पांगुळगाडा पडून आहे. पोर मागे उभी राहून तो स्वतःच्या पायांनी ढकलते, तोही सपाट जागी आणि आपण जवळ असताना. पुढच्या वेळी येताना घेऊन येते. ओटीवरचा झोपाळा ती रांगती आहे तोवर कडीला वर बांधून ठेव, मागून येऊन पाटी बसते ती नेमकी डोक्याच्या उंचीला.

माझी मात्र खरी विनंती तुला नाही, तुझ्या घरातल्यांना आहे. माझं नाव सांगून सांग हवं तर. मूल पडलं की पहिला अर्धा तास कुणी कुणाला "लक्ष कुठे होतं" विचारायचं नाही. आज तू घाबरून थांबलीस, उद्या ती सांभाळणाऱ्या मावशींच्या हातून पडेल. त्या बोलणी खायच्या भीतीने बोलल्याच नाहीत, तर तुला टेंगूळ दिसेपर्यंत दुपार उलटलेली असेल. मावशींना आजच सांगून ठेव, पडली तर तेव्हाच्या तेव्हा फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि खरंच बोलू नकोस.

आमच्या दिवाणाखालचे चिरे ह्यांनी त्याच संध्याकाळी काढले, न सांगता. ते आता तुळशीपाशी पायरीला लावलेत. बाळाची गादी दोन वर्षं जमिनीवर होती.

दुपारी डॉक्टरांकडे जाणार आहेस ना? निघण्याआधी काल ती जिथून पडली ती जागा टेपने मोज. स्टूल असो, पलंग असो, नाहीतर तुझी कड. खरा आकडा त्यांना सांग, मग मला कळव. मी कुणालाही सांगणार नाही.