मुलुंड सोडून कोकणात जावं का?

प्रश्न : वय ५२. मुलुंडचा फ्लॅट विकून आत्ताच दापोलीत जागा घ्यावी का?

उत्तर : फ्लॅट विकायची घाई नको. आधी एक अख्खा पावसाळा तिथे भाड्याने राहा. भिंतींना चढणारी ओल, तासन् तास जाणारी वीज, कपाटातल्या कपड्यांवरची बुरशी हे मे महिन्याच्या सुट्टीत दिसत नाही. शेतजमीन घ्यायची तर १९४८च्या कूळकायद्यानुसार तुम्ही शेतकरी असावं लागतं. गावच्या सातबाऱ्यावर नाव नसेल तर बिनशेती प्लॉटच बघा.

जागेबद्दल म्हणाल तर दापोलीपेक्षा माझं मत चिपळूणला. स्टेशन आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आणि साठीनंतर हेच लागतं. मात्र जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात तिथली बाजारपेठ बुडाली होती. घर दाखवणाऱ्याला, आणि शेजाऱ्यांनाही, जरूर विचारा : तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?